भुंग्याच्या पायातला काळा दोरा

माझा भाऊ एका भुंग्यापायी मेला.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. वर्षभर लोक तोंडावर रुमाल धरून हसूनच राहिलेत. "किडा धरायला जंगलात गेला म्हणे!" हाव, गेला. काय म्हणणं हाय?

आज गजूला जाऊन वर्ष झालं.

गजू म्हणजे गजानन, माझा धाकटा भाऊ. इस्लापूरला बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, भाड्याची टपरी. ही पोस्ट वाचणाऱ्या निम्म्या लोकांचे डिस्प्ले त्यानंच बदललेत, वर चहाही पाजलाय.

लहानपणी आम्ही दोघं बाभळीवरची सोनपाखरं धरायचो. काडेपेटीत ठेवायची, पाला घालायचा. पाखरू मेलं की हा पठ्ठ्या जेवायचा न्हाई. आई समजूत घालून थकायची.

मागच्या पावसाळ्यात त्यानं एक व्हिडिओ पाहिला. दुर्मिळ भुंगे जमवणारे शौकीन असतात म्हणे. टाचणी टोचून काचेच्या पेटीत लावतात, अन एकेका भुंग्याला नव्या गाडीचा भाव देतात.

मी नांदेडला मेडिकलवर असतो. गिऱ्हाईक समोर उभं, अन याचा फोन.

"येडा हायस का गजू? किड्याला कोण पैसे देतंय?"

"दादा, लोक जुनी नाणी घेतेत, दगड घेतेत. ह्यो तर जित्ता जीव हाय!"

"मग जित्ताच घेतेत का?"

"न्हाई. मेलेलाच लागतो त्यायला."

व्हिडिओखाली एक नंबर होता. तिकडून एकजण लई गोड बोलायचा, गजू त्याला 'सर' म्हणायचा. सरांच्या अटी होत्या. शिंग लांब पाहिजे, पाठ चकचकीत पाहिजे, सहाही पाय शाबूत पाहिजेत. एक मिशी मोडली तरी भाव गेला. जंगलातून असं काही उचलणं कायद्यात बसतं का, हे सरांनी सांगितलं न्हाई अन गजूनं विचारलं न्हाई.

अन खरंच घावला की हो! मोहाच्या सडक्या खोडात, अंगठ्याएवढा काळाभोर, डोक्यावर हे शिंग. फोटो पाहून सर म्हणाले, "रेअर पीस आहे. डील फायनल समजा. उद्या व्हिडिओ कॉलवर दाखवा, मग कसा पाठवायचा ते सांगतो."

गजूचे पाय जमिनीवर न्हाईत. किनवटला स्वतःचा गाळा घेणार. चिमीला तिथल्या चांगल्या शाळेत घालणार. चिमी म्हणजे त्याची पोरगी. तेव्हा ती धड चालत पण नव्हती.

गल्लीतलं झाडून सगळं माणूस भुंगा बघून गेलं. अन आईच्या जिवाला घोर लागला. एवढी लाखमोलाची वस्तू, दृष्ट लागायला काय वेळ?

आमच्या घरात लेकरू झालं, वासरू झालं, नवी गाडी आली, की आई काळा दोरा बांधणार. तिनं भुंग्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या, अन त्याच्या मागच्या पायाला काळा दोरा बांधला. दुसरं टोक डब्याच्या कडीला.

भुंगा ओढत बसला असणार. सकाळी भुंगा डब्यातच होता, पण एक पाय तुटून दोऱ्यात राहिला होता.

सरांनी कॉलवर एकदाच पाहिलं. "हा कचरा झाला. दुसरा शोधा."

गजूनं मला फोन केला. हसून हसून बोलता येत नव्हतं त्याला. "आईनं वाट लावली दादा! भुंग्याला नजरेचा दोरा!"

मग आवाज बारीक करून म्हणाला, "पण तिला बोलू नको बरं. जिवाला लावून घेईल. जोडी लागती म्हणून दुसरा आणायलोय, असं सांगितलंय मी."

माझ्याशी त्याचं हे शेवटचं बोलणं.

त्याच मोहाच्या ढोलीत त्यानं हात घातला. बोटाला काहीतरी टोचलं. भुंगा काही मिळाला न्हाई. दुपारी घरी येऊन म्हणाला, काटा लागला. आईनं हळद लावली. त्यानं चहा घेतला. मग पोटात दुखायला लागलं, मग पापण्या उचलंनात.

जीपमधी घालून नांदेडला आणला. मी दवाखान्याच्या गेटवर उभा होतो. जीप आली. गजू वाटेतच गेला होता.

मण्यार असावी, डॉक्टर म्हणाले. बोटावर दोन खुणा, टाचणी टोचल्यावानी. बाकी माझा भाऊ सगळा शाबूत होता.

तिसऱ्या दिवशी त्याच्या मोबाइलवर मेसेज आला. "दुसरा पीस मिळाला का?"

मी लिहिलं, "पीस मिळाला न्हाई. माणूस गेला."

त्यानं वाचलं अन ब्लॉक केलं. हलकट!

वर्षभर आई विचारत राहिली, "गजूचा भुंगा गेला का रे इकून?" मी म्हणायचो, "हाव माय, चांगल्या भावानं गेला." भुंगा माझ्या कपाटात हाय. दोऱ्यातल्या पायासकट.

आज सकाळी वर्षश्राद्धाची गडबड चाललेली. चिमीच्या पायातला काळा दोरा झिजून तुटला होता. गजूची बायको नवा दोरा घेऊन आईकडं गेली. "आत्याबाई, बांधा."

आईनं हात मागं घेतले.

"तूच बांध माय. माझ्या हातानं नको."

तिच्या दोऱ्यानंच पाय तुटला, म्हणूनच गजू परत जंगलात गेला. तिला माहीत हाय. सुरुवातीपासून माहीत हाय. आम्ही तिच्यासाठी खोटं बोलत होतो, अन आम्हाला बरं वाटावं म्हणून ती विचारत होती.

मी चिमीला उचलून तिच्या मांडीवर बसवलं. "तूच बांध आई. तुझ्याशिवाय कोण बांधणार?" ती चिमीच्या पायावरून नुसता हात फिरवत राहिली. रडली पण न्हाई.

दोरा अजून देवळीत पडून हाय.

गजू, तिला बोलू नको म्हणाला होतास.

कुणीच बोललं न्हाई रे.

तुझा दादा