देऊन टाकलेल्या कॅप्टनचं दावं

हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल. दाजी फर्स्ट शिफ्टला वाळूजला गेलेत, त्यांच्या कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. चहावाले चाचा भाच्याच्या लग्नाला जालन्याला. आणि ताई म्हणते, मला त्या बर्फवाल्यांचं काही सांगू नको. मग राहिले तुम्ही. तर आमचे दाजी, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचे मिस्टर, हा अख्ख्या मराठवाड्यातला एकमेव माणूस आहे ज्याची झोप सातासमुद्रापलीकडच्या एका हरणाऱ्या हॉकी टीमवर अवलंबून आहे. हॉकी म्हणजे आपली मैदानावरची नाही. बर्फावरची. पायात पात्यांचे बूट घालून खेळतात ती. जिथं बर्फ फक्त रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेला दिसतो, तिथं राहून दाजींचं हे वेड. टीमचं नाव मी सांगणार नाही, कारण नाव घेतलं की नजर लागते असं दाजींचं म्हणणं. मी म्हटलं, दाजी, सगळ्यात खालच्या नंबरवरच्या टीमला कुणाची नजर लागणार? तर म्हणाले, "खाली हाय म्हंजे लागलेलीच हाय की."

दाजींचं घराणं मेंढरांचं. त्यांचे वडील दौलताबादच्या अंगाला अजून खांड सांभाळतात. खांड म्हणजे मेंढरांचा कळप, आणि दाजी टीमलासुद्धा खांडच म्हणतात. खेळाडू म्हणजे मेंढे, नवी पोरं म्हणजे कोकरं, आणि गोलकीपर म्हणजे वाडग्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या कुंपणाच्या, तोंडाशी बसलेलं कुत्रं, "जे लांडगा आला की नेमकं दुसरीकडं बघतं." हे वेड लावलं त्यांच्या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं. तो शिकायला तिकडं राहून आलेला. कंपनीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसायचे, इंजिनिअर मोबाईलवर मॅच बघायचा, आणि दाजींनी एकदा डोकावून विचारलं, "ही पोरं बर्फावर भांडाया कशाला जातात?" झालं. त्यानंतर दोघांनी कधी बसच्या खिडकीबाहेर बघितलंच नाही.

मी परीक्षेच्या अभ्यासाला ताईकडं मुकुंदवाडीला आले ती ऐन उन्हाळ्यात. पहिल्याच सकाळी ताई म्हणाली, "तुझे दाजी नाइट करून येऊन स्टेशनबाहेर चाचांच्या हॉटेलात बसलेत, हाकलून आण." गेले तर तिघं एका बाकड्यावर. दाजी, इंजिनिअर आणि गल्ला सोडून आलेले चाचा. तिघांचे चेहरे असे, की मला वाटलं कुणी दवाखान्यात आहे.

"आपला डाव्या बाजूचा मेंढा देऊन टाकला," दाजी म्हणाले.

"दे दिए? बदले में क्या मिला?" चाचा.

"दोन वर्षांनंतरचा पिक," इंजिनिअर म्हणाला, आणि माझं तोंड बघून समजावून सांगितलं, की दोन वर्षांनी नवी पोरं घेतील, त्यातलं एक निवडायचा हक्क.

"म्हंजे मेंढी अजून गाभण बी नाय," दाजी म्हणाले, "आन् आपण तिच्या कोकराच्या भरवशावर तयार मेंढा दिला."

"रिबिल्डिंग आहे भाऊ. जुनी टीम मोडायची, नवी उभी करायची. थांबावं लागतं."

"मेरा हॉटल तो खोला तब से रिबिल्डिंग में है," चाचा म्हणाले. "कोई आके पूछता नहीं."

मी विचारलं, मॅच किती वाजता आहे? तिघांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मीच काहीतरी चुकीचं बोलले. "मॅच ऑक्टोबरात," दाजी म्हणाले. म्हणजे मॅच नाही, स्कोअर नाही, तिकडं मैदानावर बर्फ आहे का नाही तेही माहीत नाही, आणि हे रोज सकाळी बसतात. का? कोण आला, कोण गेला, कोच बदलला तर सरावाची वेळ बदलेल का. मला तर काहीच कळेना. मी हाकलायला गेले होते आणि दोन कट चहा पिऊन आले.

नंतर कळलं की हे वेड फक्त बाकड्यापुरतं नाही. ताईचा मिक्सर जळला तेव्हा दाजी एक्स्चेंजला घेऊन गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "हा जुना ठेवा. आत्ता काय देऊ नका. पुढच्या दिवाळीला जो पयला चांगला मिक्सर येईल, त्यो निवडायचा हक्क आमचा." दुकानदारानं ताईला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, भाऊंची नाइट चालूय का?" ताईनं तो महिना चटणी पाट्यावर वाटली आणि प्रत्येक वेळी दाजींना ऐकू जाईल अशी वाटली.

आणि मग घडलं ते असं. इंजिनिअरची चाकणला बदली झाली. टेम्पोत सामान भरून तो शेवटचा चहा प्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "भाऊ, माझी जर्सी." ही जर्सी त्यानं तिकडून आणलेली, पाठीवर कॅप्टनचं नाव. टीम लागोपाठ हरत होती तेव्हा एकदा गंमत म्हणून त्यानं ती दाजींना घातली आणि त्या दिवशी टीम जिंकली, तेव्हापासून ती दाजींकडंच होती. दाजी म्हणाले, "जर्सी नाय द्यायची." इंजिनिअर हसला. दाजी हसले नाहीत. "भाऊ, माझी आहे ती." "तुमचीच हाय. पण नाय द्यायची." बिचाऱ्याचा चेहरा पडला. इतक्या दिवसांची दोस्ती आणि शेवटी एका कपड्यासाठी? चाचा मला खुणेनं विचारतायत, ये क्या हुआ. मला काय माहीत? दाजी नुसते कपाकडं बघत बसलेले. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला आणि इंजिनिअर टेम्पोत बसून निघून गेला.

घरी आल्यावर ताईला सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "अगं, यांच्यात जनावर दुसऱ्याच्या हवाली केलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत. दावं घरात राहिलं की बरकत घरात राहती. सासऱ्यांच्या घरी खुंटीवर बघ, किती दावी आहेत. एकेक दावं बघून नाव घेतात म्हातारे." मग दाजींनी हे त्याला का नाही सांगितलं? "सांगायला तोंड उघडलं असतं तर रडले असते," ताई म्हणाली. मीच इंजिनिअरचा नंबर शोधून फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी मेंढा?" मी म्हटलं, हो. म्हणाला, "राहू द्या मग तिथंच."

पण बाकडं मोडलं ते मोडलंच. दाजी आणि चाचा दोघंच समोरासमोर बसायचे, चहा गार व्हायचा. दाजी सकाळी सरळ घरी यायला लागले, तर ताईलाच करमेना. शेवटी चाचा मला म्हणाले, "दो में बात नहीं होती बेटा, दो में झगड़ा होता. तीसरा होना." दुसऱ्या दिवशी दाजींनी जर्सी घडी करून माझ्या पुस्तकांवर ठेवली. "पाव्हणीबाई, खांडीत एक जागा रिकामी हाय." मी म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "आम्हाला तरी कुठं कळतंय," ते म्हणाले.

तर मी तिसरी झाले. त्यांनी मला ऑफसाइडचा नियम बर्फाच्या तुकड्यावर सोड्याच्या बाटलीचं झाकण सरकवून शिकवला, बर्फ विरघळला तरी मला कळला नाही. अजून नाही. आणि आज सकाळी अभ्यासाला बसायच्या आधी सवयीनं बातम्या उघडल्या तर कॅप्टनला देऊन टाकलंय. दुसऱ्या टीमला. जुन्या खांडीतला शेवटचा मेंढा. बदल्यात एक पोरगं आणि एक न जन्मलेलं कोकरू. मी ती बातमी परत परत वाचत बसले, आणि का, ते मला अजून कळलेलं नाही. मी त्या माणसाला एकदाही खेळताना बघितलेलं नाही. मी आले तेव्हापासून मॅचच झालेली नाही.

इंजिनिअरला फोन लावला. त्यानंही वाचलं होतं. "भाऊंना कळलं?"

"नाही. शिफ्ट सुटल्यावर कळेल."

"जर्सी कुठंय?"

"माझ्या अंगात." एवढ्या उन्हात, हो.

तो म्हणाला, "भाऊंना सांगा, दावं आपल्याकडंच आहे."

आता कंपनीची बस यायला वेळ आहे, पण मी आत्तापासूनच स्टॉपवर येऊन उभी आहे आणि लोक माझ्या जाड जर्सीकडं बघतायत. इंजिनिअर गेल्यापासून दाजी बसमध्ये मोबाईल बंदच ठेवतात; उतरले की आधी तो चालू करतील, तर त्याच्या आत मला बोलायला पाहिजे. पण सुरुवात कुठून करायची? तिकडं कॅप्टनची एखादी हॉकीची काठी तरी कुणी खुंटीला ठेवून घेतली असेल का? तुमचं झालंय का कधी असं, की दुसऱ्याचं दुःख नुसतं सांभाळायला घेतलं आणि ते आपलंच होऊन बसलं? झालं असेल तर सांगा, बसमधून उतरलेल्या माणसाला तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात?