पंचेचाळीस अंशांचे साडू

समस्त नवरेमंडळींनी मनापासून हेवा करावा असा विज्ञानशिक्षक महाड-पोलादपूर पट्ट्यात माझ्या साडूंखेरीज दुसरा झाला नाही. ऐंशीच्या सुमारास ते पोलादपूरच्या शाळेत शिकवत आणि मी बिरवाडीजवळ नव्यानं निघालेल्या कारखान्यात कारकून होतो. कुठलीही वस्तू हातात देणं त्यांना ठाऊक नव्हतं; ते ती फेकत. साबण, किल्ल्या, पूजेचा नारळसुद्धा हवेतून सुरेख कमान काढत जाई आणि नेमका समोरच्याच्या ओंजळीत उतरे. पुढं जाणं निराळं, खाली पडणं निराळं, दोन्ही एकाच वेळी चालतात, हे ते माझ्या बायकोला बटाटे फेकून समजावत. आणि माझं प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तोडणारी ती बाई ते शेवटपर्यंत ऐकून घेई.

कापड्याला आमची सासुरवाडी. भातकापणीनंतर भाऱ्यांची उडवी रचताना साडू खालून भारा असा सोडत की तो थेट माथ्यावर जाऊन बसे. लांब टाकायचं तर पंचेचाळीस अंश, उंच टाकायचं तर कोन जरा उभा धरायचा, असं त्यांनी मला सांगितलं. मी तसाच धरला. भारा सासूबाईंच्या अंगावर आला. सासरे गावभर सांगत सुटले, "थोरल्या जावयाच्या हातात कायतरी हाय, धाकट्याच्या नाय."

एकदा आम्ही दोन्ही जोडपी दासगावला नातेवाइकांकडे गेलो होतो. सावित्री नदीला भरती होती. साडू पाण्यावर उताणे पडले, हातपायही न हलवता. माझी बायको काठावरून कौतुकानं बघत होती, म्हणून पोहता न येणारा मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो. त्यांनी माझ्या पाठीखाली तळहात धरला आणि म्हणाले, "जेवढं पाणी तुम्ही बाजूला सारता, तेवढ्या वजनाचा रेटा ते तुम्हाला वर देतं. इथलं पाणी खारट, म्हणजे जडच. छाती भरून श्वास घ्या." मी घेतला. त्यांचा हात केव्हाच निघाला होता, हे मला बऱ्याच वेळानं कळलं. हेही सुख त्यांच्याचकडून मिळावं, याचा तरंगता तरंगता मला राग आला.

अंग पुसताना ते हळूच म्हणाले, "साडूभाऊ, मेहुण्याचं लग्न ठरवताना सासरेबुवांनी तुम्हाला बोलावलं. घर शाकारायचं तेव्हाही तुम्हालाच विचारलं. मला ते एवढंच म्हणतात, जरा फेकून दाखवा."

महाडच्या स्टँडवर साडू आणि त्यांची बायको पोलादपूरच्या एस.टी.त बसली. गाडी हलताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी त्यांना रविवारी जेवायला या म्हणालो. ते आले, आणि लांब बदली होईपर्यंत येत राहिले. त्यानंतर बिरवाडीतली रविवारची दुपार मला फार मोठी वाटू लागली.