निंबर्ग्याच्या बोअरमध्ये माझं पेटंट

बिदर-कलबुर्गीकडे लोक किल्ले बघायला जातात. मी एक पाइप बघायला गेले. घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "पाइप पुण्यात मिळत नाहीत का?"

माझा धंदा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. तेल आणि वायूच्या विहिरी खोदताना खाली काहीतरी तुटतं, अडकतं, पडतं. ते वर काढायची हत्यारं मी बनवते. खाली राहिलेल्या वस्तूला आमच्यात 'मासा' म्हणतात आणि ती काढण्याला मासेमारी. वीस वर्षं मी हेच करतेय. आधीची काही वर्षं प्रत्यक्ष विहिरींवर काढली, आता पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात हत्यारांचे नकाशे काढते. या वीस वर्षांत माझ्या डोक्यातून निघालेल्या तीन हत्यारांची पेटंटं दुसऱ्यांच्या नावावर गेली. चौथ्या वेळी मी भांडले. गेल्या वर्षी जो अर्ज गेला त्यावर शोधक म्हणून एकच नाव आहे, माझं.

ते हत्यार म्हणजे जाड पाइपाचं तोंड आणि त्यात आतून पोलादी पात्या. मासा आत शिरला की पात्या त्याला धरतात आणि सोडत नाहीत. घोळ इथेच होतो. मासा घट्ट रुतलेला असेल तर वर येत नाही आणि हत्यारही त्याच्यासोबत अडकून बसतं. मी आत एक गोल कडी बसवली. हत्यार आणखी खाली दाबलं की कडी घसरते, पात्या उघड्या धरून ठेवते आणि हत्यार मोकळं होतं. अर्जातला पहिला दावा या कडीचाच आहे. बाकी सगळं तिच्या मागे उभं.

आणि मग सुमनमावशींनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. या माझ्या मावससासूबाई, निवृत्त शिक्षिका, बसवकल्याणला राहतात. बोअरमध्ये पडलेली मोटार काढणारा कुणी माणूस होता. वीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यात अर्धा वेळ कुणाचा तरी अंगठा. पण मध्येच 'टक्' असा आवाज आला आणि अडकलेला पाइप मोकळा झाला. तो आवाज मी प्रयोगशाळेत शंभरदा ऐकलाय. मी स्वतःला सांगितलं, साधा आकडा असेल. मला तशी खात्रीच होती. पण खात्री असली तरी झोप लागेना, म्हणून शुक्रवारी पहाटे गाडी काढली.

पुणे-सोलापूर रस्ता उत्तम, सोलापूरच्या पुढे नळदुर्ग, उमरगापर्यंतही कुठे तक्रारीला जागा नाही. जानेवारीत गेलात तर उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा. त्यांना मागे दिवा नसतो आणि पुढे घाई असते. उमरग्यात थांबून भजी खाल्ली. कर्नाटकची हद्द ओलांडली की पाट्यांची लिपी बदलते, बोलणं मात्र बदलत नाही. हॉटेलातला माणूस माझ्याशी मराठीत, आचाऱ्याशी कन्नडमध्ये आणि ट्रकवाल्याशी दखनी उर्दूत बोलत होता, तेही एका दमात. दुपारी सस्तापूर बंगला नावाच्या फाट्यावरून आत वळून बसवकल्याण गाठलं.

मावशींनी ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पुंडीची भाजी वाढली. पुंडी म्हणजे आपली अंबाडी, पण इथे ती तुरीच्या डाळीत घोटतात. तीन भाकऱ्या खाल्ल्यावर मी कामाचं काढलं.

"तो माणूस मन्नाएखेळ्ळीचा," मावशी म्हणाल्या. "शिवशरणअप्पा. हायवेवर मोटार वायंडिंगचं दुकान हाय त्याचं. पण तू कामून एवढी धडपड करायलीस? दोघांचं सारखं असलं तर चांगलंच की."

"सारखं असलं तर माझं पेटंट जातं, मावशी. आधी कुणी उघडपणे वापरलेलं असेल तर ते नवीन धरत नाहीत."

"मग बघायला कशाला आलीस?" त्यांनी विचारलं आणि चौथी भाकरी वाढली. मी भाकरी खाल्ली.

शनिवारी सकाळी हुमनाबादवरून मन्नाएखेळ्ळीला गेले. दुकान शोधावं लागत नाही, बाहेर तांब्याच्या तारांचे ढीग दिसतात. शिवशरणअप्पा साठीचे, जाड भिंगांचा चष्मा, खिशात टेस्टर. मी ओळख सांगितली. तेलाच्या विहिरी म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"किती फूट खाली जाताव तुमी?"

"दहा हजार."

"आमी सहाशे," ते म्हणाले. "पण तुमच्याकडं पैशावाली कंपनी ऱ्हाते. आमच्याकडं कप्पी आणि मी."

हत्यार दाखवा म्हटलं तर हसले. ते दुकानात नव्हतंच. त्या हत्याराची इथे एक रीत आहे. अप्पांनी ते बनवलं खरं, पण ते दुकानात परत येत नाही. ज्याच्या बोअरमधली मोटार निघाली त्याच्याच शेतात ते राहतं. पुढच्या गरजूने तिथे जाऊन न्यायचं. नेण्याआधी मागच्या शेतकऱ्याने छिन्नीने पाइपावर आपल्या गावाचं नाव कोरायचं. नाव कोरल्याशिवाय हत्यार शेताबाहेर काढायचं नाही.

"असं का?"

"पहिल्यांदा एकानं नेलं आणि तीन म्हैने पत्त्याच न्हाई. कुणाकुणाकडनं गेलं ते कळावं म्हणून नाव घालायला लावलो. आता लोकांला त्याचाच शौक झालाय. सध्या ते निंबर्ग्याला गेलंय. उद्या तितं काम हाय, येताव का?"

निंबर्गा आळंद तालुक्यात, म्हणजे मन्नाएखेळ्ळीहून चांगला अडीच-तीन तासांचा रस्ता. रविवारी भल्या सकाळी अप्पांना गाडीत घेतलं. आळंदपर्यंत रस्ता ठीक, पुढे खड्डे आहेत, छोटी गाडी असेल तर जपून. दोन्हीकडे तुरीच्या राशी पडलेल्या. अप्पा वाटेत प्रत्येक गावाचं नाव आणि तिथल्या बोअरची खोली सांगत होते. देऊळ त्यांनी एकही दाखवलं नाही, मलाही आठवलं नाही.

शेत महानंदाअक्कांचं. पन्नाशीची खणखणीत आवाजाची बाई. हरभरा फुलात आलेला आणि दोनशे फुटांवर मोटार पाइपासकट पडलेली. शिवाय त्यांच्या भावाने घाईने दोरीला लोखंडी गळ बांधून सोडला होता. दोरी तुटली आणि गळही खाली गेला.

"एक काढायला गेला आणि दोन करून बसला," अक्का भावाकडे न बघता म्हणाल्या. भाऊ ट्रॅक्टरची कप्पी लावण्यात भलताच गुंतला.

आणि बोअरशेजारी लिंबाला टेकवलेलं होतं ते हत्यार. मी हात लावण्याआधी खाली वाकून आत बघितलं. जीपच्या पाट्याच्या स्प्रिंगमधून कापलेल्या चार पात्या. त्यांच्या वर, एका खिळ्यावर टेकलेली, मोठ्या बेअरिंगची बाहेरची कडी.

नकाशात मी जी कडी काढली होती तिला फक्त नाव वेगळं होतं. तरी मनात म्हटलं, ठेवली असेल कशासाठीतरी, काम करते कुठे? आपला तो बाब्या असतो ना.

अप्पांनी आधी साबण मागितला. कपड्यांच्या साबणाच्या चार वड्या कोमट पाण्यात मऊ करून एका साध्या पाइपाच्या तोंडात ठासल्या आणि तो पाइप खाली सोडला. खाली काय आणि कसं पडलंय त्याचा ठसा साबणावर उमटतो. आम्ही यासाठी शिसं वापरतो. पाइप वर आला तसं सगळे वाकून बघायला लागले. साबणावर मोटारीच्या पाइपाची चंद्रकोर होती आणि तिच्या कडेला एक बारीक चर.

"हा गळाचा दांडा," मी म्हटलं. "तो मोटार आणि भिंतीमध्ये पाचरीसारखा बसलाय. आधी तो काढा. नाहीतर मोटार वर ओढली की तो आणखी आवळेल."

"दिसायलंय की मला," अप्पा म्हणाले. "पण मोटारीला धरलो तर दोन्ही एकदम येतेत."

"नाही येणार."

"मॅडम, मी चाळीस गावात काढलोय."

चाळीस गावांपुढे मी काय बोलणार. हत्यार खाली गेलं, मोटारीचा पाइप पकडला, कप्पी ओढायला लागली. वीतभर वर आलं आणि थांबलं. साखळी ताणली, ट्रॅक्टरचं मागचं चाक किंचित उचललं गेलं. "साकु, साकु!" अप्पा ओरडले. साकु म्हणजे पुरे. भावाने हात वर केले. महानंदाअक्कांनी पदर तोंडात धरला. साखळी तुटली असती तर हत्यार, मोटार, पाइप सगळं तिथेच गाडलं गेलं असतं आणि हरभरा वाळला असता.

"सैल सोडा," अप्पा म्हणाले. "आता खाली दाबा."

वजन खाली गेलं. पाइपाला कान लावायची गरज नव्हती, सगळ्यांना ऐकू आलं. टक्.

"ओढा."

हत्यार एकटंच, मोकळं, वर आलं. कडी पात्यांच्या मध्ये बसलेली. मी ती बोटाने चाचपली. सगळे सुटकेचा निःश्वास टाकत होते आणि मला मात्र राग आला होता. कुणाचा ते सांगता येईना, कारण समोर चष्मा पुसत बसलेल्या माणसाने माझं काहीही घेतलं नव्हतं. वीस वर्षांनी एकदा माझं नाव लागणार होतं आणि ती कडी इथे लिंबाला टेकून उभी होती.

पुढचं काम सरळ झालं. अप्पांनी कडी हाताने वर करून खिळ्यावर ठेवली. "आता तुमचं ऐकतो," एवढंच म्हणाले आणि आधी गळ काढला. मग मोटार काढली. ती वर आली तेव्हा अक्कांनी मोटारीवर हळद-कुंकू वाहिलं आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

जेवताना मी विचारलं, "अप्पा, ही कडी कुठून सुचली?"

"सुचली कुठली? चुकून पडली. दुकानात हत्यार टेबलावर होतं, बेअरिंग काढायलो होतो, कडी आत घरंगळली आणि पात्या उघड्याच ऱ्हायल्या. तासभर शिव्या घातलो. मग कळालं की हेच पाहिजे."

"कधीची गोष्ट?"

"थोरलीच्या लग्नाच्या वर्साची. तिची पोरगी आता दहावीला हाय."

माझा अर्ज गेल्या वर्षीचा. हिशेब तिथेच संपला. मी त्यांना सगळं सांगितलं, अर्ज, दावा, माझं एकटीचं नाव. ते भाकरी मोडायचं थांबले.

"म्हंजे माझ्यामुळं तुमचं जायलंय?"

"तुमच्यामुळे नाही. तुमचं आधी आहे म्हणून."

"मी कुणाला सांगत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. खरं सांगते, एक क्षण मला ते गोड वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात कडी परत वर कशी चढते? मला दरखेपेला सगळा पाइप भाईर काढावा लागतो." मी उरलेल्या साबणाच्या वडीने ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चित्र काढलं. हत्यार माशावरून निघालं की एक स्प्रिंग कडीला पुन्हा जागेवर ढकलते, म्हणजे वर न आणता खालच्या खाली दुसरा प्रयत्न करता येतो. अप्पांनी चित्रावर वाकून चष्मा काढला, परत घातला.

"हे मात्र मला जमलं न्हाई," ते म्हणाले. "आठ वर्सं डोकं खपवलो यात." त्यांच्या आवाजात मत्सर होता, तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मला कुठल्याही बक्षिसापेक्षा तो मत्सर आवडला.

निघण्याआधी महानंदाअक्कांनी छिन्नी घेऊन पाइपावर 'निंबर्गा' कोरलं. कन्नडमध्ये कोरायचं की मराठीत यावर बहीण-भावाचं भांडण झालं, शेवटी दोन्हीत कोरलं. मी पाइपाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. नावं मोजली तर सव्वीस भरली. चाळीस गावं ही अप्पांची भर होती, पण सव्वीसही पुरे. परतीला वागदरी, अक्कलकोट करत सोलापूर गाठलं. हा रस्ता अरुंद आहे, अंधार पडायच्या आत संपवा.

कुणी या भागात जाणार असाल तर मावशींसारखं कुणी ओळखीचं बघून जा, पोट रिकामं ठेवून जा आणि किल्लाही बघा. मी पुढच्या वेळी बघेन. माझ्या टेबलावर अप्पांकडून मागून आणलेला साबणाचा तो ठसा आहे. परवा नवऱ्याने त्याने हात धुतले, त्यामुळे चंद्रकोर थोडी झिजलीय.

सोमवारी आमच्या पेटंटच्या वकिलांना फोन केला. म्हटलं, पहिला दावा काढून टाका, कडी परत वर चढवण्याचा तेवढा ठेवा. दावा फारच लहान होईल, ते म्हणाले. होऊ दे म्हटलं. तेवढा माझाच आहे.

"मॅडम, तिकडे खेड्यात जाऊन हे तपासणार कोण आहे?"

"मी जाऊन आले ना."

मग आधीच्या वापराची माहिती पाठवा म्हणाले. मी फोटो समोर ठेवले आणि गावांची नावं एकाखाली एक लिहायला बसले. दोन गंजून गेली होती, ती अप्पांना फोन करून विचारली. सव्विसावं नाव निंबर्गा. त्याच्यापुढे लिहिलं, 'हा वापर मी स्वतः उभी राहून पाहिला आहे,' आणि खाली माझं पूर्ण नाव घालून सही केली.