टाकीवरची ताई

जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करणाऱ्या त्या गॅरेजात, मागच्या पत्र्याच्या खोलीत, तिची टाकी होती. बोल्ट, बिजागऱ्या, स्प्रिंगा यांचं तेल ती आधी काढायची, मग तेजाबात गंज, आणि धुऊन सगळं कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या टाकीत सोडायची. थोड्या वेळानं लोखंड मखमली काळं होऊन बाहेर यायचं. तो रंग नव्हता. लोखंडाची कातडीच काळी व्हायची आणि वरून तेल पाजलं की गंज सहसा फिरकत नसे. सगळे तिला ताई म्हणत. पन्नाशीची, बुटकी, मनगटांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग.

गॅरेज तिच्या धाकट्या भावाचं. त्याचा हात तोंडाआधी चालायचा. हातात पाना असला तर पानाही. वडील तसेच होते. वडिलांचा एक डोळा याच टाकीनं नेला. थेंब उडाला आणि ते ओरडत रस्त्यावर पळत सुटले. तिथल्या तिथे धरून कोणी धुतलं असतं तर डोळा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून ताई चष्म्याशिवाय त्या खोलीत जात नसे. भाऊ जायचा.

त्या दिवशी एका मोटारीच्या बॉनेटच्या कुलपाचा दांडा आला. गाडीचा मालक दुपारी येणार होता. ताईनं नेहमीसारखा चुंबक लावला, कारण लोखंडाऐवजी भलताच धातू आत गेला तर टाकी उसळते. चुंबक एका टोकाला चिकटला, बाकी अंगावरून घसरला.

"हा टाकायचा नाही. आत लोखंडी पिन आहे, वरचं सगळं जस्ताचं ओतीव."

"चिकटला ना चुंबक?" भाऊ म्हणाला.

"टोकाला चिकटला."

"टोक काय दुसऱ्याच्या गाडीचं आहे? टाक."

"नाही टाकणार."

चपराक अशी बसली की चष्मा तिच्या गळ्यात आला.

"शेठ, ताई आहे ती तुमची!" दारातला रंगारी ओरडला. त्याच्या अंगावर टर्पेंटाइनचा डबा आला. मग भावानं दांडा हिसकावून टाकीत फेकला.

टाकी आधी गुरगुरली. मग उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस चढला, काठावरून फरशीवर चरचरत सांडला. भाऊ चिमटा घेऊन वाकला आणि आतून उसळलेला फटकारा त्याच्या तोंडावर बसला.

तो किंचाळत रस्त्याकडे धावला. ताईनं आडवा पाय घातला. तो पडला तशी ती त्याच्या छातीवर बसली.

"बर्नर बंद कर! पाइप दे इकडे!"

रंगाऱ्यानं दोन्ही केलं. पाण्याची धार तिनं भावाच्या डोळ्यांवर धरली. तो खालून ठोसे मारत होता, तिच्या आईबापाचा उद्धार करत होता, जे त्याचेही आईबाप होते. एका कोपरानं तिचा पुढचा दात गेला.

"डोळा उघड!"

"सोड, मेलो!"

तिनं एक थोबाडीत दिली. मग दुसरी. अंगठ्यानं पापणी ओढून धरली. तो तिचा हात चावला, तरी ती हलली नाही. तिच्या तोंडातलं रक्त त्याच्या गालावर ठिबकत होतं आणि पाण्याबरोबर वाहून जात होतं. रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ती त्याला तशीच दाबून बसली.

दोन्ही डोळे वाचले. गाल आणि कान मात्र भाजले.

दवाखान्यात, डोळ्यांवर पट्टी बांधलेला भाऊ येईल त्याला सांगत होता, "हिनं मारलं मला. छातीवर बसून!"

वहिनी ताईच्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिली. "वन्सं, खरंच मारलंत?"

"हो."

"जोरात?"

"हात अजून ठणकतोय."

वहिनी हसली. मग घाबरून तिनं तोंडावर पदर धरला. खाटेवरचा हात सवयीनं उठला होता, आवाजाच्या दिशेनं वहिनीचा चेहरा चाचपत होता.

ताईनं तो मनगटाशी धरला आणि चादरीवर दाबून ठेवला.