एमलिनची कुऱ्हाड

एमलिनला मूठमाती दिल्यावर चॅपलमध्ये चहा होता. पण त्याचा मुलगा राईस म्हणाला, "आधी बाबांची कुऱ्हाड बघून येऊ." सगळे म्युझियमकडे वळले. मागून टेगवेन चालत होती. ही एमलिनची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर वडिलांच्या मेंढ्या राखल्या.

गावचं म्युझियम दोन खोल्यांचं. भाल्याची टोकं, खापरं, आणि मधोमध काचेखाली हिरवट दगडाची गुळगुळीत कुऱ्हाड. पाच हजार वर्षांची.

डोंगरावरच्या दलदलीत, वाळवून जाळायची काळी माती कापताना टेगवेनच्या फावड्याला ती खणकन लागली होती. तेव्हा शाळकरी पोर ती. कोपरापर्यंत हात घालून तिनं ती उपसली, झग्याला पुसली. वडिलांनी ती मास्तरांना दिली नि सांगितलं, "आमच्या एमलिनला सापडली." ती रडायला लागली तशी खेकसले, "तुला काय करायचंय नाव? त्याला पुढं जायचंय!"

तो गेला पुढं. मास्तरांनी त्याला हाताशी धरलं, शिकवलं. हेडमास्तर होऊन तो दर वर्षी पोरांना ती गोष्ट रंगवून सांगायचा. फावडं कसं खणकलं हेसुद्धा तिच्याच तोंडचं.

"बाबांनी हात घातला चिखलात..." राईसनं सुरुवात केली.

"मी घातला," टेगवेन म्हणाली. "मला सापडली ती."

राईस तिच्या खांद्यावर हात ठेवून हसला. "आत्या, दमलीस गं. बस जरा."

ती बाहेर आली. मागोमाग एमलिनची बायको नेस्टा आली.

"मला ठाऊक आहे," नेस्टा हळूच म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हाच बोलला होता तो."

"मग आत जाऊन सांग ना, वहिनी!"

"आज? त्याच्यावरची माती ओली आहे अजून."

"मग कधी सांगशील?"

नेस्टा हातमोजे चढवत राहिली. "आणि सांगून आता या वयात तुझं काय व्हायचंय? चल, चहा गार होईल."

टेगवेन चहाला गेली नाही.

उन्हाळ्यात नेस्टानं एमलिनचा लहानपणचा फोटो म्युझियमला दिला. तो कुऱ्हाडीशेजारी लावायच्या दिवशी राईस गाडी घेऊन दारात उभा राहिला. "मेंढ्या कातरायच्यात," म्हणून टेगवेननं त्याला परत पाठवलं.

रविवारी चॅपलमध्ये मात्र ती नेस्टाच्याच बाकावर बसते. घराण्याची जागा तीच. दोघींत भजनाचं पुस्तक एक. पान नेस्टा उलटते, टेगवेन ओठ मिटून बसून राहते.