उलट्या बाजूचा कल

ऑफिसात तिला सगळे चिंगूस ताई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. एक बाइट वाचवायला ती दोन दिवस खर्ची घाली. घरी मात्र हात सैल. दोन दिवसांच्या प्रवासाला तिच्या चार बॅगा निघत, आणि नवरा म्हणे, तुझ्या ऑफिसातल्यांना एकदा हे सामान उचलायला बोलावू या.

काम होतं डोंगरउतारावरच्या यंत्रांचं. रस्त्याच्या वर चाळीस खांब रोवून प्रत्येकावर एक डबा बसवला होता. जमीन किती कलली, गारठा किती, बॅटरी किती उरली, हे तो डबा दर तासाला रेडिओवरून खाली कळवी. रेडिओच्या एका संदेशात बारा बाइट मावत. आधीच्या माणसाने सी भाषेत सगळ्या आकड्यांचा एक स्ट्रक्ट, म्हणजे गठ्ठा, बांधला होता आणि तो जसाच्या तसा पाठवायचं ठेवलं होतं. तो भरे चोवीस बाइट. त्यातले सात तर निव्वळ रिकामे, कारण आकडे सोयीच्या जागी बसावेत म्हणून प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर मधे मधे फटी सोडतो. त्या फटीही हवेतून प्रवास करत. एकाचे दोन संदेश होत, बॅटऱ्या चार महिन्यांत मान टाकत, आणि मेकॅनिक काका पाठीवर ओझं घेऊन उतार चढत. काकांचं वय अठ्ठावन्न. एकदा घसरून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हा साहेबांनी हे काम ताईच्या गळ्यात घातलं.

तिने आधी डोंगर सरकतो का ते पाहणाऱ्या भूगर्भवाल्या बाईंना गाठून विचारलं, की तुम्हाला नेमकं किती बारीक कळायला हवं. अंशाचा दहावा भाग कळला तरी पुष्कळ, असं त्या म्हणाल्या. आठ बिटांचा एक बाइट; मग कलाला दहा बिट पुरत होते. गारठ्याला आठ, बॅटरीला चार, आणि डब्याचा नंबर, वेळ वगैरे बाकीच्यांना लागतील तेवढेच. तिने एकेक आकडा मापात कापला, एकाला एक खेटून बसवला आणि सगळं नऊ बाइटांत आणलं. दरीकडचा कल अधिक, डोंगराकडचा उणे, असं ठरवलं. बॅटऱ्या आता अकरा महिने टिकतील असा हिशेब निघाला. काकांनी तिला चहा पाजला.

थंडीत सात नंबरचा डबा एकशेदोन अंश कल सांगू लागला. म्हणजे खांब आडवा होऊन त्याहीपुढे खाली वळलेला. नव्वदच्या वरचा आकडा बिघाड समजून बाजूला टाकायचा, असं स्क्रीनवरच्या प्रोग्रॅमला सांगितलेलं होतं. त्याने तो टाकला. काकांनी वर जाऊन त्याच खांबावर नवा डबा बसवला. आकडा फारसा हलला नाही. तेव्हा ते तिच्या टेबलाशी आले.

“ताई, खांब उभाच आहे. दोन डबे एकाच तऱ्हेने वेडे होत नाहीत.”

आलेला प्रत्येक संदेश कच्चा साठवलेला होता. तिने पहिला काढला आणि कागदावर बिट मांडले: आठ एक, एक शून्य, परत एक. वाचणारा प्रोग्रॅम याला एक हजार एकवीस म्हणत होता, म्हणजे दहाव्या भागांच्या हिशेबात एकशेदोन अंश. पण दहा बिटांत उणे तीनही अगदी असेच दिसतात. पहिला बिट एक असेल तर आकडा उणे, आणि वाचताना दहा बिट मोठ्या जागेत ठेवले की उरलेल्या जागेत तोच बिट भरावा लागतो. ती एक ओळ तिने लिहिलीच नव्हती. चाचणीच्या वेळी टेबलावरच्या डब्याखाली पुस्तक सरकवून तिने कल दिला होता, पण दर वेळी एकाच बाजूने.

ओळ लिहून तिने एकोणीस दिवसांचे संदेश पुन्हा वाचले. उणे पॉइंट तीन, उणे पॉइंट सात, उणे दीड, आणि आज सकाळी उणे दोन पॉइंट नऊ. कागद घेऊन ती भूगर्भवाल्या बाईंकडे गेली.

“हे आकडे खरे आहेत?” त्यांनी विचारलं.

“खरे आहेत. डब्याने पहिल्यापासून बरोबर पाठवलेत, वाचायला मी चुकले.”

मोठा तुकडा बुडातून सुटला की त्याचा माथा आधी मागे, डोंगराकडे झुकतो, हे बाईंनी तिला थोडक्यात सांगितलं, आणि सांगता सांगता फोन उचलला. दुपारी रस्ता बंद झाला. गाड्यांना चाळीस किलोमीटरचा वळसा पडला आणि ड्रायव्हर लोकांनी ऑफिसचा उद्धार केला. दोन दिवस काहीच घडलं नाही. साहेबांनी विचारलं, आता तरी खात्री आहे ना? ती म्हणाली, आकड्याची आहे, डोंगराची मी कशी देऊ?

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास उतार खाली आला. दोनशे मीटर रस्ता मातीखाली गेला. तिथे कुणीही नव्हतं.

त्या दुपारी तिने बस डेपोत फोन करून विचारलं, की त्या रस्त्याने दिवसाला किती बस जातात. बावीस, असं उत्तर आलं. एकोणीस दिवस त्या खालून गेल्या होत्या.

अहवालाच्या पहिल्याच ओळीत तिने चूक आपली असल्याचं लिहिलं. मग प्रत्येक आकड्यासाठी चाचण्या लिहिल्या: सर्वांत लहान, सर्वांत मोठा, शून्य, उणे एक; प्रत्येक संदेशात बांधायचा, परत सोडायचा, मूळ आकड्याशी ताडून पाहायचा. गारठ्याच्या आकड्यातही तीच चूक निघाली.

महिन्याभराने ताकीदपत्र आलं. नवऱ्याला ते अन्यायाचं वाटलं.

“त्यात लिहिलंय ते खरंच आहे,” ती म्हणाली, आणि सही केली.

पुढच्या वर्षी साहेबांनी आणखी साठ डब्यांचं काम काढलं. तेही तिच्याकडेच दिलं.