बोईटाचा नर कोणी ओळखला?

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी विसरली जाते. न छापलेली डोक्यात ठाण मांडून बसते. दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत रत्नागिरीच्या कांबळे मॅडम बोईट माशाच्या शुक्राणूंवर पीएचडी करत होत्या. डोकं केवढं, शेपटीची रचना कशी. त्यांची एकही बातमी माझ्या पेपरात धड आली नाही. म्हणून हे किस्से साठले.

*

पहिल्याच बातमीतल्या ‘शुक्राणू’वर संपादकांनी लाल रेघ मारली. "लोक चहा पिताना पेपर वाचतात हो!" त्याच पानावर मर्दानी ताकदीच्या गोळ्यांची पाव पान जाहिरात होती. तिने कोणाचा चहा नासत नसावा.

*

मॅडमना ताजाच नर लागे. बर्फात पडला की नमुना बाद. त्या सकाळी सकाळी मिरकरवाडा बंदरात मासे विकणाऱ्या पारूमावशीच्या पाटीपाशी उकिडव्या बसत. मावशीनेच शिकवलं: पोटावरून शेपटीकडे अंगठा फिरवायचा, दूध आलं तर नर, दाणे आले तर मादी. गिऱ्हाइकं गाबोळीसाठी, म्हणजे त्या अंड्यांसाठी, मादीच मागत.

"नराला विचारणारी तूच पयली गो," मावशी म्हणाली.

*

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मुंबईला. मॅडमनी विभागप्रमुखांना विचारलं, तुमच्या गाडीतून निदान हातखंब्याच्या हायवे फाट्यापर्यंत सोडाल का? "गाडीला वास लागेल," साहेब म्हणाले. मॅडम नमुन्याच्या कुप्या मांडीवर घेऊन एसटीने गेल्या.

*

फोटो अप्रतिम आले आणि वास एकदम गेला. विभागाने त्यांचं प्रदर्शन भरवलं; फोटोंखाली नाव एकच, साहेबांचं. मी बातमी लिहायला बसलो तर मॅडमच म्हणाल्या, "नको. माझ्या प्रबंधावर सही त्यांचीच लागते."

तीस वर्षांच्या बातमीदारीत मी स्वतः दाबलेली ती एकमेव बातमी.

*

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मच्छीमारांनाही बोलावलं होतं, टाळ्यांसाठी. साहेब फोटोपुढे उभे राहून प्रमुख पाहुण्यांना सांगत होते, "शेकडो नर मी या हातांनी तपासले."

टेबलावर ताजी बोईटं मांडली होती. पारूमावशी उठली. "सायेब, ह्यातला एक नर काडून दावा."

साहेबांनी सगळ्यात गुबगुबीत मासा उचलून पोट दाबलं. पिवळ्या दाण्यांची धार सफारीवर.

"हा नर जरा अपवादात्मक आहे," साहेब म्हणाले.

मावशीने मॅडमना हाताला धरून पुढे आणलं. मॅडमनी एक किडकिडीत बोईट उचललं, अंगठा फिरवला. पांढरा थेंब आला.

पाहुण्यांनी खिशातलं पेन काढलं, फोटोखालच्या नावापाशी गेले आणि मागे वळून म्हणाले, "बाई, पूर्ण नाव सांगा."